तेराला एक सूत कमी

माझ्या आईचा मिरजेत घरगुती शिवणक्लास होता. ती गेल्यावर आम्हा दोघी बहिणींच्या वाट्याला जे काही आले, त्यात खाकी कागदाच्या फर्म्यांची, म्हणजे कापड बेतायच्या नमुन्यांची, एक जाडजूड गुंडाळी आहे. ब्लाउजची पाठ, पुढचा भाग, बाही, कटोरी, लहान मुलींच्या फ्रॉकचे योक, तान्ह्या बाळांची झबली असे सगळे त्यात असून प्रत्येक फर्म्यावर पेन्सिलीने छातीचे माप, उंची आणि ‘माया धरून’ किंवा ‘माया सोडून’ अशी नोंद केलेली आहे. ज्यांचा शिवणकामाशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी सांगते की माया म्हणजे शिवणीच्या बाहेर राखलेले जादा कापड. अंगाने भरल्यावर ब्लाउज उसवून सैल करता येतो तो या मायेच्या जोरावर.

धाकटी बहीण न्यू जर्सीला असते. तिने मागच्या वर्षी शिवणयंत्र घेतले आणि आईच्या फर्म्यांची आठवण काढली. गुंडाळी टपालाने पाठवायला माझे मन धजेना, कारण घड्यांवरचा कागद इतका विरला आहे की उलगडतानाच भीती वाटते. ‘ताई, नुसता फोटो नको, छापून सरळ कापता येईल असं काहीतरी पाठव,’ असे ती म्हणाली. मला ते अर्ध्या तासाचे काम वाटले. प्रत्यक्षात त्यात जवळपास दोन महिने गेले आणि इथून नेलेले खणाचे कापड वाया गेले. ते कसे, आणि संगणकातले चित्र कागदावर त्याच्या खऱ्या मापात उतरवायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी ब्लाउजची हकीगत सांगते. छत्तीस छातीच्या ब्लाउजची पाठ आणि पुढचा भाग मी घरच्या स्कॅनरवर घेतला. माया धरून फर्मा साधारण ११ इंच रुंद आणि १५ इंच उंच होता. काचेवर आडवा ठेवल्यावर दोन वेळा स्कॅन करून तो पुरा आला. ते दोन तुकडे ए-४ कागदाच्या दोन पानांवर बसवून मी पीडीएफ केली. पाठवण्याआधी घरच्या प्रिंटरवर एकदा छापून पाहिली, दोन्ही पानांवरच्या रेषा एकमेकींना तंतोतंत जुळल्या आणि मी समाधानाने फाइल पाठवून दिली. तिकडे बहिणीनेही छापली, तिच्याही रेषा जुळल्या. तिने कापड कापले, शिवले आणि अंगात घातले. त्या रात्री तिचा फोन आला. ‘ताई, बाजू उसवून छाती कशीबशी बसवली, पण हातच वर होत नाही गं. मुंढ्यात अडकतंय.’ मुंढा म्हणजे बाही जिथे जोडतात ती काखेभोवतीची गोलाई.

आईने त्या फर्म्यावर ‘पाठ उंची १४’ असे लिहिले होते. मी बहिणीला तिच्या छापील कागदावर पट्टी लावायला सांगितली. तिने मोजून सांगितले, ‘तेराला एक सूत कमी.’ सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. शिंपी आणि सुतार अजूनही याच भाषेत बोलतात. चौदा इंचांचे पावणेतेरा आणि वर एक सूत झाले होते, म्हणजे फर्मा मूळ मापाच्या ९२ टक्के छापला गेला होता. छत्तीस छातीचा हिशेब त्याच प्रमाणात ३३ इंचांवर येतो. बाजूची तूट मायेने भरून काढली, पण मुंढ्याच्या गोलाईला, गळ्याला आणि टक्सच्या, म्हणजे आकारासाठी घातलेल्या चुण्यांच्या, टोकांना मायेचा उपयोग होत नाही. फोन ठेवल्यावर मी माझ्याकडचे, रेषा जुळल्या म्हणून समाधान मानलेले, कागद काढून मोजले. तिथेही चौदा इंच नव्हते. साडेतेराच्या किंचित पुढे, म्हणजे ९७ टक्के होते. एकाच फाइलच्या दोन घरांत दोन वेगवेगळ्या प्रती निघाल्या होत्या आणि दोन्ही चुकीच्या होत्या.

या चुकीचा फसवा भाग असा की चित्र सर्व बाजूंनी सारखेच लहान होते. बाही मुंढ्यात बसते, पाठ पुढच्या भागाला जुळते, दोन पाने एकमेकांना चिकटतात. कागदाचे कागदाशी कुठेही बिनसत नाही. बिनसते ते फक्त माणसाच्या अंगाशी, आणि ते कळते तेव्हा कात्री चालवून झालेली असते.

यानंतर मी हा विषय मुळापासून समजून घ्यायला बसले. पहिली गोष्ट समजली ती ही की संगणकातल्या चित्राला स्वतःचे असे माप नसतेच. त्याच्यापाशी असते ती फक्त पिक्सेलची, म्हणजे चित्र ज्या बारीक ठिपक्यांचे बनते त्यांची, संख्या. माझा फर्मा ३३०० पिक्सेल रुंद आणि ४५०० पिक्सेल उंच आहे. एका इंचात ३०० पिक्सेल भरायचे ठरवले तर तो ११ इंच गुणिले १५ इंच होतो. एका इंचात ७२ भरायचे ठरवले तर तेच चित्र जवळपास ४६ इंच रुंद आणि साडेबासष्ट इंच उंच होते, म्हणजे ब्लाउजचा फर्मा दाराएवढा होतो. चित्र तेच असते, त्यातला एकही पिक्सेल बदललेला नसतो. बदलतो तो फक्त भागाकारातला भाजक. या भाजकाला डीपीआय (डॉट्स पर इंच) म्हणण्याचा प्रघात आहे आणि तो एक साधा आकडा म्हणून फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत लिहून ठेवलेला असतो. कोणताही प्रोग्राम तो वाचू शकतो, दुर्लक्षू शकतो किंवा पुसून टाकू शकतो, आणि बरेच प्रोग्राम यातले शेवटचे दोन पर्यायच निवडतात.

हे ७२ आणि ९६ हे आकडे सगळीकडे का भेटतात, याचेही मला कुतूहल होते. छपाईच्या धंद्यात अक्षराचे माप पॉइंटमध्ये मोजतात आणि संगणकीय छपाईत एका इंचात ७२ पॉइंट धरतात. १९८४ साली आलेल्या पहिल्या मॅकिंटॉशच्या पडद्यावर एका इंचात ७२ ठिपके होते, त्यामुळे पडद्यावर एक इंच दिसणारी गोष्ट कागदावरही एक इंच उतरत असे. विंडोजने ९६ हा आकडा धरला आणि वेबपानांच्या मोजमापातही पुढे ९६ पिक्सेलचा इंच रूढ झाला. आजच्या पडद्यांवर एका इंचात किती ठिपके असतील याचा काही नेम नाही. बऱ्याच फोनवर चारशेहून अधिक असतात, तर टेबलावरच्या जुन्या मॉनिटरवर नव्वदच्या आसपास. तरीही मोबाइलच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोंत पुष्कळदा ७२ लिहिलेले आढळते, कारण खरा आकडा माहीत नसेल तर ७२ लिहावे असा संकेतच आहे. कॅमेऱ्याला समोरची वस्तू किती मोठी आहे हे कळायला काही मार्ग नसतो. त्यामुळे ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा फोटो त्या आकड्यावर विसंबून छापला तर १४१ सेंटिमीटर रुंद निघेल.

यातून आणखी एक गैरसमज दूर झाला. पडद्यावर ‘१०० टक्के’ केले म्हणजे वस्तू खऱ्या मापात दिसते, असे मी वर्षानुवर्षे धरून चालले होते. चित्रे पाहण्याच्या बहुतेक प्रोग्राममध्ये त्या १०० टक्क्यांचा अर्थ चित्राचा एक पिक्सेल पडद्याच्या एका ठिपक्यावर, एवढाच असतो. खात्री करायची असेल तर डेबिट कार्ड ३०० डीपीआयला स्कॅन करावे, पडद्यावर १०० टक्के करावे आणि खरे कार्ड पडद्याला लावून पाहावे. कार्डाचे माप जगभर ८५.६० गुणिले ५३.९८ मिलिमीटर असते. माझ्या लॅपटॉपवर ते हाताच्या पंज्याहून मोठे दिसले. पडद्यावरून कागदाचा अंदाज बांधणे मी तेव्हापासून सोडून दिले.

प्रिंटरच्या खोक्यावरचा आकडा हा तिसराच प्रकार आहे. तिथले ६०० किंवा ४८०० गुणिले १२०० हे यंत्र शाईचे किंवा टोनरचे ठिपके किती दाट टाकू शकते ते सांगतात. चित्राच्या मापाशी त्यांचा काही संबंध नाही. प्रिंटर ६०० चा आहे म्हणून चित्रही ६०० चे केले पाहिजे, असे मला एका झेरॉक्सवाल्याने सांगितले होते आणि मी इमानेइतबारे तसे केलेही होते. फाइल चौपट जड झाली, एवढाच परिणाम.

मूळ वस्तूचे माप संगणकात आणण्यासाठी सपाट काचेचा स्कॅनर हे सर्वांत भरवशाचे साधन आहे, कारण त्याला स्वतःच्या एका इंचात किती पिक्सेल घेतले हे पक्के ठाऊक असते आणि तो ते फाइलमध्ये लिहितो. मोबाइलमधली कागद ‘स्कॅन’ करणारी ॲप या कामासाठी पूर्णपणे निरुपयोगी आहेत. ती कागदाचे चार कोपरे शोधतात, ते ओढून ताणून चौकोनात बसवतात आणि वर बहुतेक वेळा ए-४ च्या पानावर पसरवतात. बिलाची पावती पाठवायला ती उत्तम आहेत. मी सर्वांत आधी बहिणीला फर्म्याचा वरून काढलेला फोटो पाठवला होता, त्यातही हाच दोष होता. कॅमेरा थोडा जरी कलता असला तरी जवळची बाजू मोठी आणि लांबची लहान येते, आणि मुंढ्याची गोलाई बिघडायला तेवढे पुरते.

स्कॅनरवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये, म्हणून मी काचेवर फर्म्याशेजारी स्टीलची पट्टी ठेवली. एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर, म्हणून १० सेंटिमीटरमध्ये ३०० डीपीआयला ११८१ पिक्सेल भरायला हवेत. चित्र मोठे करून पट्टीच्या शून्यावर आणि दहावर कर्सर नेऊन मोजले तेव्हा आडव्या दिशेला ११८१ भरले आणि जिकडे दिवा सरकतो त्या दिशेला ११७८. चौदा इंचांवर हा फरक एक मिलिमीटरही होत नाही, तेव्हा तो मी सोडून दिला. पट्टी मात्र स्टीलचीच घ्यावी. शिवणाचा टेप वापरायचा मोह होतो, पण कापडी टेप वर्षानुवर्षे ओढला गेल्याने ताणलेला असतो. आईचा पिवळा टेप मी सहज स्टीलच्या पट्टीशी ताडून पाहिला, तर त्याच्या बारा इंचांना पट्टीचे बारा इंच आणि जवळपास अर्धे सूत भरले. आई आयुष्यभर त्याच टेपने माणसे आणि कापड दोन्ही मोजत असल्याने तिचे काही बिघडले नाही.

फाइल साठवताना आणि पाठवताना माप कुठे गळून पडते, हेही पाहायला हवे. जेपीईजी आणि पीएनजी या दोन्ही प्रकारांत डीपीआय लिहायची सोय आहे. पीएनजीत तो इंचावर नसून मीटरवर लिहितात, त्यामुळे ३०० चे ११८११ होतात आणि परत इंचात आणताना काही प्रोग्राम २९९.९९९ असे दाखवतात. त्याने घाबरून जायचे कारण नाही. खरी पडझड होते ती व्हॉट्सॲपवर. फोटो म्हणून पाठवलेले चित्र तिथे दाबून लहान केले जाते, त्याचे पिक्सेल कमी होतात आणि मापाचा आकडाही जागेवर राहत नाही. तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर जशीच्या तशी पोचते. त्याहून चांगला मार्ग म्हणजे चित्र पीडीएफमध्ये घालणे. पीडीएफमध्ये पानाचे माप पॉइंटमध्ये नक्की केलेले असते, ए-४ म्हणजे ५९५ गुणिले ८४२, आणि त्यावर चित्र किती जागा व्यापेल हेही त्यातच लिहिलेले असते. डीपीआयच्या आकड्याचा अर्थ प्रत्येक प्रोग्रामने आपापल्या परीने लावायचा प्रश्नच उरत नाही.

मग माझी फाइल पीडीएफ असूनही ९७ आणि ९२ टक्क्यांवर का आली? कारण छपाईची आज्ञा देताना उघडणाऱ्या खिडकीत ‘फिट’ हा पर्याय आधीच निवडलेला होता. घरगुती प्रिंटर एरवी कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाही, चारी बाजूंनी साधारण तीन-चार मिलिमीटरची पट्टी कोरी सोडतो. ‘फिट’ म्हटले की प्रोग्राम सबंध पान त्या छापता येण्याजोग्या चौकटीत मावेल इतके आकसतो. २१० मिलिमीटर रुंदीच्या पानातून दोन्हीकडे तीन-तीन मिलिमीटर गेले की २०४ उरतात, आणि २०४ म्हणजे २१० चे ९७ टक्के. माझ्या पानाच्या कडेला मुळात कोरीच जागा होती, ती कापली गेली असती तरी काही बिघडले नसते. पण प्रोग्रामला ते कळत नाही. कागदावरचे काही कापले जाऊ नये या सद्हेतूने तो सगळेच लहान करून ठेवतो.

न्यू जर्सीत यात आणखी भर पडली. अमेरिकेत आणि कॅनडात घराघरांत आणि कचेऱ्यांत जो कागद वापरतात तो ए-४ नसून ‘लेटर’ असतो. ए-४ ची गोष्ट जर्मनीत १९२२ साली ठरलेल्या मानकापासून सुरू होते आणि १९७५ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झाले, पण अमेरिकेने ते घेतले नाही. लेटर कागद साडेआठ इंच गुणिले अकरा इंच, म्हणजे २१५.९ गुणिले २७९.४ मिलिमीटर असतो. तो ए-४ पेक्षा सहा मिलिमीटर रुंद पण जवळपास १८ मिलिमीटर आखूड असतो. डोळ्यांना हा फरक फारसा जाणवत नाही. बहीण तिथे इतकी वर्षे राहते, तरी तिच्याही तो ध्यानात आला नव्हता. ए-४ ची २९७ मिलिमीटर उंची लेटरच्या २७९ मध्ये बसवायची, त्यातूनही वरखाली तीन मिलिमीटर सोडायचे, म्हणजे २७३ भागिले २९७, आणि उत्तर येते ९२ टक्के. तेराला एक सूत कमी कसे झाले, याचा हा सगळा हिशेब.

आता छापताना काय करायचे ते सांगते. अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये छपाईच्या खिडकीत ‘फिट’च्या शेजारी ‘अ‍ॅक्चुअल साइझ’ असा पर्याय आहे, तो निवडायचा. तिथेच ‘श्रिंक ओव्हरसाइझ्ड पेजेस’ असाही एक पर्याय असतो आणि तो दिसायला निरुपद्रवी वाटतो, पण मोठे पान तोही मुकाट्याने आकसतोच. ब्राउझरमधून पीडीएफ छापत असाल तर ‘स्केल’ या ठिकाणी स्वतःच्या हाताने १०० लिहावे. मॅकवरच्या प्रिव्ह्यूमध्ये ‘स्केल टू फिट’वरून खूण काढून ‘स्केल’ १०० टक्के ठेवावे लागते. विंडोजमध्ये चित्रावर उजवे बटण दाबून ‘प्रिंट’ म्हटल्यावर जी खिडकी पूर्वापार उघडत आली आहे, ती या कामासाठी टाळावी हे उत्तम. ती चित्राला चौकटीत बसवण्यासाठीच बनवलेली आहे आणि ‘फिट पिक्चर टू फ्रेम’ची खूण तशीच राहिली तर चित्राच्या कडाही छाटते. चित्रावरून थेटच छापायचे असेल तर इरफानव्ह्यू हा छोटा मोफत प्रोग्राम मला आवडतो, कारण त्याच्या छपाईच्या खिडकीत फाइलमधल्या डीपीआयनुसार मूळ मापात छापण्याचा पर्याय स्पष्ट शब्दांत दिलेला आहे.

वर्डमध्ये चित्र घालणारे बरेच जण असतात, त्यांनी दोन ठिकाणी सावध राहावे. पानाच्या समासात न मावणारे चित्र वर्ड आपणहून लहान करून घेतो, म्हणून चित्राच्या ‘साइझ’ खिडकीत जाऊन टक्केवारी १०० आहे ना ते पाहावे. दुसरे, वर्डच्या ‘ऑप्शन्स’मध्ये ए-४ आणि लेटर यांच्यात मजकूर आपोआप लहानमोठा करण्याची एक खूण असते. अमेरिकेतल्या आणि भारतातल्या माणसांची देवाणघेवाण चालू असेल तर ती काढून टाकलेली बरी.

फाइलमध्ये चुकीचा आकडा लिहिलेला असेल तर तो बदलताना पिक्सेलना हात लागू देऊ नये. जिंप या चित्रांवर काम करायच्या मोफत प्रोग्राममध्ये त्यासाठी ‘इमेज’ यादीत ‘प्रिंट साइझ’ असा वेगळा पर्याय आहे. त्याच्या शेजारचा ‘स्केल इमेज’ हा मात्र चित्रच बदलतो. फोटोशॉपमध्ये ‘इमेज साइझ’च्या खिडकीत ‘रीसॅम्पल’ची खूण काढून मगच डीपीआय बदलायचा. ३०० लिहिले की रुंदी-उंची इंचांत आपोआप बदलताना दिसते आणि पिक्सेलचे आकडे जागचे हलत नाहीत. व्हिसाच्या फोटोलाही हेच लागू पडते. अमेरिकेच्या व्हिसासाठी दोन इंच गुणिले दोन इंचांचा फोटो लागतो, म्हणजे ६०० गुणिले ६०० पिक्सेलचे चित्र असेल तर आकडा ३०० हवा.

एवढे सगळे करूनही प्रिंटरच्या स्वतःच्या खिडकीत एखादी खूण राहून जाते. कडेपर्यंत छापण्याचा, म्हणजे ‘बॉर्डरलेस’चा पर्याय चालू असेल तर कागदाच्या कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून प्रिंटर चित्र किंचित मोठे करतो आणि जास्तीचे कागदाबाहेर सोडून देतो. कोपऱ्यावरच्या दुकानात तर काय घडेल ते सांगता येत नाही. मी एकदा शंभर टक्क्यांवर छापायला सांगून बाहेर थांबले, तर आतल्या मुलाने कडेची कोरी जागा वाया जाते आहे हे पाहून फर्मा मोठा करून पूर्ण पानावर बसवला. ‘छान मोठा आलाय बघा,’ असे म्हणून त्याने कागद हातात ठेवला. त्याच्यावर रागावणार तरी कशी? त्याने दाखवलेली आस्था आणि ‘फिट’ची खूण, दोन्ही एकाच जातीच्या.

म्हणून शेवटी मी फाइलची रचनाच बदलली. ए-४ आणि लेटर या दोन्ही कागदांच्या छापता येण्याजोग्या चौकटीत मावेल असा १९ गुणिले २५ सेंटिमीटरचा तुकडा ठरवला. आधी दोन पानांत बसणारा फर्मा आता चार पानांवर गेला, पण कोणताही कागद घातला तरी आकसण्याचे निमित्त उरले नाही. चारही पानांच्या एका कोपऱ्यात बरोबर दहा सेंटिमीटरची एक आडवी आणि एक उभी रेघ आखली आणि त्याखाली ‘ही दहा भरली नाही तर कापू नये’ असे लिहिले. उभी आणि आडवी अशा दोन्ही रेघा लागतात, कारण काही प्रिंटर कागद ओढताना एका दिशेला थोडी घट-वाढ करतात आणि दुसरी दिशा ठीक असते. रेघ सगळ्या पानांवर सारखीच पण किंचित कमी भरली, समजा ९.९ सेंटिमीटर, तर १० भागिले ९.९ करून १०१ टक्क्यांवर छापले की काम होते. ती ९.२ भरली तर मात्र भागाकार करत बसू नये, कुठेतरी ‘फिट’ची खूण राहिलेली आहे ती शोधावी.

पाने जोडण्याच्या कामाला वेळ लागतो आणि चुकीला सर्वांत जास्त वाव तिथेच आहे. तुकडे करताना शेजारच्या पानाचा एक सेंटिमीटर भाग दोन्ही पानांवर येईल असे पाहिले आणि जुळणीसाठी बारीक अधिकच्या (+) खुणा केल्या. मोठे चित्र अनेक पानांवर तोडायचे काम अ‍ॅक्रोबॅट रीडरचा ‘पोस्टर’ हा पर्यायही करतो आणि पाने किती एकमेकांवर चढवायची हे त्याला सांगता येते, पण तुकडा कुठे पडावा यावर आपला ताबा राहत नाही. टक्सच्या टोकावर सांधा आलेला मला नको होता. जोडताना सकाळच्या वेळी खिडकीची काच वापरावी. एक पान काचेला चिकटवायचे, दुसरे त्यावर धरायचे आणि उजेडात खालची अधिकची खूण वरच्या खुणेच्या बरोबर मागे आली की चिकटपट्टी लावायची. टेबलावर डोळ्यांच्या अंदाजाने केले तर प्रत्येक सांध्याला अर्धा-एक मिलिमीटर सुटतो. ब्लाउजच्या दोन सांध्यांना ते खपते. साडीवरच्या कशिद्याची सलग वेलबुट्टी आठ-दहा पानांवर छापायची असेल, तर शेवटच्या पानापर्यंत वेल काठावरून उतरलेली दिसेल.

दुसऱ्या खेपेला बहिणीने खण घेतला नाही, जुन्या चादरीवर कापून पाहिले. त्याआधी तिने चारही पानांवरच्या आठ रेघा मोजल्या आणि आठही दहा भरल्या. मग पाने तिच्या अंगणाकडच्या मोठ्या काचेच्या दारावर जोडून पाठीची उंची मोजली आणि मला कळवले की चौदाला अर्धे सूत जास्त भरते आहे, आता काय चुकले? मी इकडे गुंडाळीतून मूळ फर्मा काढला आणि त्यालाच स्टीलची पट्टी लावली. चौदा आणि अर्धे सूत. आईने तो फर्मा तिच्या ताणलेल्या टेपने आखला होता.